भिवा मेस्त्रींचा एक प्रश्न

इंजिन ऐकून झालं की भिवा मेस्त्री कधी कधी हातातलं काम खाली ठेवत, मातीने हात खरवडून धूत आणि ड्रायव्हरला विचारत, "घराक कोण कोण आसत?" म्हणजे घरी कोण कोण आहेत. आता हा काय विचारायचा प्रश्न झाला? बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीत आमच्याकडे कुणीही कुणालाही हेच विचारतो. पण मेस्त्रींनी विचारला की भल्याभल्या ड्रायव्हरांच्या तोंडचं पाणी पळायचं. कारण पंगतीत ते हा प्रश्न कधी विचारत नसत. तो फक्त उघड्या बॉनेटसमोर निघायचा, आणि ज्याला विचारला त्याने गाडी तिथेच ठेवून चालत घरी जावं, असा त्याचा अर्थ होता.

मी सांगतोय ती पन्नास सालानंतरची पहिली काही वर्षं. सरकारी मोटारी आमच्या बाजूला नुकत्या फिरकू लागल्या होत्या आणि त्या पुरत नसत. मी मालवणच्या बापूशेटांची मोटार चालवत असे. मोटार कसली, लढाईतून उरलेला लष्करी ट्रक, त्यावर सुताराकडून बांधून घेतलेली लाकडी बॉडी. तीस माणसं बसायची आणि चाळीस भरायची. गाडी सकाळी हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट जायचं. माझं एकदा गेलंही. थंडीत अजून दुखतं.

मालवणहून कसालकडे जाताना कट्ट्याच्या बाजाराच्या पुढे फणसाखाली मेस्त्रींची माडाच्या चुडतांनी शाकारलेली खोप होती, तीच त्यांची मोटारी दुरुस्त करायची जागा. माणूस बारीक, काळा, कानावर केस वाढलेले. कुठलंही इंजिन ते ऐकायचे ते डवली लावून. डवली म्हणजे नारळाच्या करवंटीला लाकडी दांडा बसवलेली पळी, पेज वाढायची. मेस्त्री दांड्याचं टोक इंजिनाला टेकवायचे, करवंटी कानावर उपडी धरायचे आणि डोळे मिटायचे. बायको होती तोवर या डवलीवरून घरात रोज वाद. घरात दोन डवल्या, एक पेजेची आणि एक मोटारीची, आणि मेस्त्री घाईत हाताला लागेल ती उचलणार. "एक दिस पेजेक पेट्रोलाचो वास येतलो, तेव्हा समाजतला," असं ती बाई म्हणायची. पुढे ती तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. मग दोन्ही डवल्या मोटारीच्याच झाल्या.

आवाजांना त्यांनी घरातल्या माणसांची नावं दिली होती. वरच्या बाजूला टिकटिक येत असेल तर, "ही सून. भांडी आपटता. आपटूंदे, घर मोडणा नाय." मागे सायलेन्सरात फटफट होत असेल तर, "ह्यो म्हातारो. खोकता, पण इतक्यात मरणा नाय." आणि अगदी खालून, पोटातून, जड धप्प धप्प आला तर ते कुणाचंच नाव घेत नसत. डवली खाली ठेवायचे, हात धुवायचे आणि तो प्रश्न विचारायचे.

गोविंद म्हणून एक लाकडाच्या ट्रकवर होता, मोठा फुशारकी मारणारा. त्याला विचारला तेव्हा तो हसला. "घराक बायल आसा. ती भांडता, म्हणान तर गाडी चालवतंय." चारजण खो खो हसले, मीही हसलो. कसालच्या अलीकडच्या उतारावर त्याचं इंजिन जागच्या जागी आवळलं. मागची चाकं फिरायची थांबली, ट्रक ओल्या रस्त्यावर आडवा झाला आणि वरची लाकडं त्याच्या अंगावर आली. गोविंद वाचला, पण कमरेखालचा गेला. त्याला भेटायला मेस्त्री नारळ घेऊन गेले आणि तासभर त्याच्या उशाशी बसून आले. त्यानंतर त्या प्रश्नावर कुणी हसलं नाही.

एकदा पावसात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्यांना विचारलं, "मामा, सरळ गाडी खराब आसा म्हणान सांगा मा. घरातली माणसां कित्याक मोजतात?" त्यांनी विडी विझवली. तरुणपणी ते बोटीवर इंजिनाला तेल घालायच्या कामावर होते. तिथल्या एका म्हाताऱ्या खलाशाने त्यांना काठी लावून ऐकायला शिकवलं. एका फेरीत वाफेच्या नळात वेगळा आवाज येऊ लागला. त्यांनी वरच्या साहेबाला सांगितलं, साहेब म्हणाला काही होत नाही. "मी गप रवलंय," मेस्त्री म्हणाले. "तिसऱ्या दिसाक नळ फुटलो. गणू भाजून मेलो. देवबागचो गणू, माझ्या बाजूकच निजायचो. तेची ट्रंक घेवन मी देवबागाक गेलंय तर दारात चार पोरां उभी. सदा, दोन वर्सां आमी बाजू-बाजूक निजलों आणि माका ठावक नाय, तेका चार पोरां आसत." मग म्हणाले, "मागाहून इचारण्यापेक्षा आदी इचारलेला बरा."

त्या वर्षी गणपती उशिरा आले. मुंबईचे चाकरमानी पावसाळ्यात बोट बंद असल्यामुळे घाट चढून कोल्हापूरला जात आणि तिथून रेल्वे पकडत. गणपती विसर्जन झालं की एकच गर्दी. कुणाची सोमवारी गिरणीत हजेरी, कुणाची गोदीत. एक दिवस चुकला तर जागेवर दुसरा माणूस. बापूशेटांनी दोन फेऱ्या ठरवल्या होत्या, पहिली शुक्रवारची मालवणहून, दुसरी रविवारची कणकवलीहून. आणि बुधवारी गाडीच्या पोटातून तो आवाज आला.

मी काही तासभर स्वतःची समजूत घातली. रस्ता खराब आहे, बॉडीची फळी हलत असेल. ड्रायव्हर माणूस स्वतःशी किती खोटं बोलतो हे त्यालाच ठाऊक. शेवटी कट्ट्याला गाडी लावली. मेस्त्रींनी डवली टेकवली. मग एकेका प्लगची वायर काढून ऐकलं. पहिली काढली, आवाज तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढली आणि धप्प धप्प एकदम मऊ झालं. "तिसरो," ते म्हणाले. खालून थोडं तेल तळहातावर घेऊन उन्हात धरलं. तेलात माशाच्या खवल्यासारखे कण चकाकत होते. तिसऱ्या पिस्टनच्या दांड्याचं बेरिंग झिजून तेलात उतरलं होतं. मेस्त्रींनी हात धुतले.

"घराक कोण कोण आसत, सदा?"

दहा वर्षांची ओळख, माझ्या दोन्ही मुलींच्या बारशाला जेवलेला माणूस. तरी प्रश्न तोच. मी म्हटलं, "आवस, बायल, दोन चेडवां." आई, बायको, दोन मुली.

"मगे गाडी हंयच रवांदे."

बेरिंग मुंबईहून मागवायचं तर पंधरा दिवस. बापूशेट ऐकून तडकले. माणूस वाईट नव्हता, पण देवभोळा, आणि अडचणीत सापडला की देवाच्या नावाखाली आपलंच खरं करणारा. ते मला घेऊन थेट रवळनाथाच्या देवळात गेले. गुरवाने देवाला कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझी चाळीस लेकरां ह्या गाडयेतसून कोल्हापुराक जातत, तेंका सुखरूप पोचव रे म्हाराजा." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." उजवीकडची कळी पडली. कौल उजवा झाला, म्हणजे देवाने हो म्हटलं. शेटांचा चेहरा उजळला.

तसेच ते कट्ट्याला आले. मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेटांनू, देवाक आवाज सांगलात?"

"देवाक इंजिनाचो आवाज कसो सांगतले?"

"कसो म्हणजे? तोंडान. गाऱ्हाण्यात पोटातला काय लपवूचा नसता. आणि परत येवच्याचा काय सांगलात?"

"येतना गाडी रिकामी," शेट म्हणाले. "तेचा काय सांगूचा?"

त्या रिकाम्या गाडीत मी बसणार होतो. मी तिथेच दोन हातांवर उभा होतो आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी मोटार दुसऱ्याच्या हातात गेली असती. माझ्या आधीचा ड्रायव्हर वाटेत गाडी टाकून आला म्हणून शेटांनी त्याला उभ्या उभ्या काढला होता. नोकरी गेली तर चार तोंडांना काय घालू, ही भीती मला घाटाच्या भीतीपेक्षा मोठी वाटत होती. हेच खरं आहे, उगाच दुसरं कशाला सांगू.

मेस्त्री तरी नाहीच म्हणाले असते. पण गुरुवारी सकाळी चाकरमानी बायकापोरांसकट त्यांच्या खोपीपुढे येऊन बसले. त्यात एक बाई होती, नवऱ्याची गिरणीतली जागा टिकावी म्हणून मेस्त्रींच्या पायाशी बसून राहिलेली. मेस्त्री बराच वेळ फणसाकडे बघत होते. मग उठले. भाताच्या गिरणीच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा त्यांनी तेलात भिजत घातला, गाडीखाली गेले, तळ उघडला आणि झिजलेल्या बेरिंगच्या जागी ती पट्टी घालून दांडा आवळला. दिवस मावळेपर्यंत ते खालीच होते. बाहेर आले तेव्हा गाडीचा आवाज गेला होता. सगळे खूश.

"चढतली," ते मला म्हणाले. "तासाक पंधरा मैलांच्या वर पळवू नको. मी तुझ्या वांगडा येतंय."

शुक्रवारी ते माझ्या डाव्या बाजूला बसले, मांडीवर डवली. फोंडा घाटात धुकं इतकं की समोरचा दगडी कठडा हात लावण्याइतका जवळ आल्यावरच दिसे. मागे चाकरमानी भजनं म्हणत होते. मेस्त्रींनी एकदाच मागे वळून सांगितलं, "जरा गप रवा, माका आयकूक येणा नाय," आणि चाळीस माणसं घाट संपेपर्यंत गप्प बसली. कोल्हापूरला स्टेशनवर सगळे सुखरूप उतरले. ती बाई उतरताना मेस्त्रींच्या पाया पडली. कौल खरा झाला.

रात्र तिथेच काढून शनिवारी सकाळी मी हँडल मारलं. आवाज परत आला होता. मेस्त्री म्हणाले, "पट्टी सपली. गाडी हंय ठेवया आणि पोस्टाच्या गाडयेन घराक जावया." मी म्हटलं, शेट मला काढतील, उद्या कणकवलीला चाळीस माणसं बसून राहतील, तुम्हाला काय जातंय बोलायला. हो, हे मी बोललो. त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलंही नाही. "दाजीपुरापर्यंत चालव. मी आयकतंय," एवढंच म्हणाले.

दाजीपूरला घाटाच्या तोंडाशी नाका होता. तिथून पुढे नुसता उतार. उतरताना इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर भरवसा ठेवला तर ते अर्ध्या घाटात तापून सुटतात. मेस्त्रींनी गाडी थांबवायला लावली. पावसात उभं राहून डवली टेकवली. फार वेळ ऐकलं. मग रस्त्याकडेच्या ओहोळात हात धुतले आणि माझ्यासमोर आले.

"घराक कोण कोण आसत?"

"मामा, तुमका ठावक आसा."

"ठावक आसा. तुझ्या तोंडातसून आयकाक होया."

"आवस. बायल. दोन चेडवां."

"आणि माझ्या घराक?"

माझी नजर त्यांच्या काखेतल्या डवलीकडे गेली.

"मगे उतर," ते म्हणाले. "गाडी हंय टाकलंस तर शेट तुका काढतलो. मी न्हेतंय खाली. फोंड्यात पोचलंय काय खालचा सगळा उसकटून ठेवतंय. उद्या ती कोणाकच घेवन चढाची नाय. शेटाक सांग, मेस्त्रीन तुका न इचारता गाडी खोलल्यान. माका काय शिये घालूचे ते घालांदेत. तुझी नोकरी रवात."

मी म्हटलं, दोघे जाऊ. ते म्हणाले, "दोघां बसलों म्हणान बेरिंग वाढणा नाय." मग ती डवली माझ्या हातात दिली. "ही धर. चालवतना माका आयकूक हात खंय?"

त्या वेळी "रवांदे मामा, गाडी हंयच ठेवया" एवढंच म्हणायचं होतं. कोल्हापूरला ते हेच सांगत होते, दाजीपूरलाही वेळ गेली नव्हती. मी म्हटलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. पण मी उतरलो. आणि उतरल्यावर पाय जमिनीला लागले तेव्हा मला हायसं वाटलं. इतकी वर्षं झाली, बायकोलासुद्धा हे मी सांगितलेलं नाही.

गाडी धुक्यात दिसेनाशी झाली. आवाज मात्र येत राहिला. घाटात आवाज वळणावळणाने वर येतो, कधी जवळ, कधी लांब. मी नाक्यावरच्या खांबाला टेकून उभा राहिलो. पहिल्या गेअरमध्ये उतरत होती, बरोबर उतरत होती. त्या घुरघुरीच्या खाली ते धप्प धप्प मला स्वच्छ ऐकू येत होतं. दहा वर्षं मी मोटार चालवली, पण इंजिन असं कान देऊन मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. एक वळण गेलं. दुसरं गेलं. मी मोजत होतो. मग धप्प धप्प भराभर होऊ लागलं, आणि एकदम सगळंच थांबलं. काही क्षण नुसता पाऊस. त्यानंतर खालून दगड गडगडल्याचा आवाज आला.

मी पळत सुटलो तो तिसऱ्या वळणावर थांबलो; पोस्टाची गाडी मागून तासाभराने आली. इंजिन आवळलं होतं, मागची चाकं जाम झाली होती, रस्त्यावर दोन काळे पट्टे ओढलेले होते आणि पुढे कठडा नव्हता. कातकऱ्यांनी मेस्त्रींना दुपारपर्यंत वर आणलं. त्यांच्या हातांना तेल लागलेलं नव्हतं. ते मघाच धुतले होते ना.

रविवारी कणकवलीला चाळीस माणसं गाठोडी घेऊन संध्याकाळपर्यंत वाट बघत बसली. न आलेल्या मोटारीला आणि मला त्यांनी काय काय शिव्या घातल्या ते मला नंतर कळलं. त्यांच्यापैकी कितीजणांच्या नोकऱ्या गेल्या मला माहीत नाही. पण त्यातला एकही त्या वळणावर पोचला नाही.

बापूशेट शनिवारीच फोंडा घाटात आले होते. छत्री धरून खाली दरीत बघत ते म्हणाले, "नशीब म्हणूचा, गाडी रिकामी होती." त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण ते तसं म्हणाले, आणि मी त्यानंतर त्यांची मोटार चालवली नाही. ज्या नोकरीसाठी त्या माणसाला मी घाटात पाठवलं ती मला पुढे एक दिवसही करवली नाही.

पंचनाम्याला त्या शनिवारी दुपारी घाटावरचा हवालदार आला होता. पावसाने कागद भिजू नये म्हणून तो पोस्टाच्या गाडीत बसून लिहीत होता. मयताचं नाव, वय, धंदा, गाव, सगळं मीच सांगितलं. मग त्याने टाकातली शाई झटकली आणि मान वर न करता विचारलं, "याच्या घरी कोण कोण आहेत?"

माझ्या काखेत ती डवली होती. मी म्हटलं, "आई, बायको, दोन मुली. आणि मी."

हवालदाराने तसंच लिहून घेतलं.